द्यूशने, इझाबेल

(१८ डिसेंबर १९६३– ). कॅनडात जन्मलेली व फ्रान्सच्या वतीने खेळलेली बर्फनृत्यपटू. थोरला भाऊ पॉल द्यूशने (३१ जुलै १९६१– ) हा तिच्या सबंध स्पर्धात्मक कारकीर्दीत तिचा जोडीदार होता. या भावंडांनी १९९१ मध्ये म्यूनिक येथे बर्फनृत्याचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९९२ मध्ये अल्बर्टव्हिल (फ्रान्स) येथील हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत रौप्यपदक पटकाविले. बर्फनृत्यात ऑलिंपिक पदक मिळविणारी भावाबहिणींची ही पहिलीच जोडी होय. मिळविलेल्या पदकांपेक्षाही, या क्रीडाप्रकाराच्या सीमा कोठवर ताणता येतात हा प्रश्न त्यांच्या नृत्यांनी उपस्थित केला, यासाठी त्यांचे नाव विशेष घेतले जाते.

इझाबेलचा जन्म कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील एल्मर या गावी झाला. पॉलचा जन्म मात्र फ्रान्समधील मेट्स या शहरी झाला होता. वडील कॅनडियन व आई फ्रेंच असल्यामुळे दोन्ही देशांशी या कुटुंबाचे नाते होते व पुढे याच नात्याने त्यांच्या कारकीर्दीला निर्णायक वळण दिले. कॅनडात बर्फावरील स्केटिंग हा घरोघरी परिचित असलेला हिवाळी खेळ आहे. दोन्ही भावंडे लहानपणापासून त्यात रमली. प्रारंभी त्यांनी युगुल-स्केटिंगचा अभ्यास केला व नंतर ती बर्फनृत्याकडे वळली.

बर्फनृत्याचे स्वरूप : द्यूशने भावंडांच्या कार्याचे मर्म कळण्यासाठी बर्फनृत्य व युगुल-स्केटिंग यांतील भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. दोहोंत एक स्त्री व एक पुरुष अशी जोडी असते. परंतु युगुल-स्केटिंगमध्ये पुरुष आपल्या जोडीदारिणीस डोक्यावर तोलून धरतो, तिला हवेत भिरकावतो आणि दोघेही अनेक फेऱ्यांच्या उड्या घेतात. बर्फनृत्यात अशा कसरतींना मज्जाव आहे. डोक्यावरून उचलण्यास बंदी असते, मोठ्या उड्यांना वाव नसतो आणि जोडीदारांना एकमेकांपासून फार काळ दूर राहता येत नाही. सारा भर पदन्यासावर, स्केटच्या पात्याच्या कडेवर तोल सांभाळीत काढलेल्या खोल वळणांवर, दोघांच्या जवळिकीवर आणि संगीताच्या तालाशी साधलेल्या एकरूपतेवर असतो. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट इ. नृत्यगृहांतील नृत्ये बर्फावर उतरविण्याच्या प्रयत्नांतून हा प्रकार विकसित झाला. जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धांत त्याचा अधिकृत समावेश १९५२ मध्ये आणि ऑलिंपिक सामन्यांत १९७६ मध्ये (इन्सब्रुक, ऑस्ट्रिया) झाला.

द्यूशने भावंडांच्या काळी स्पर्धेचे तीन भाग असत : (१) अनिवार्य नृत्ये – यांत सर्व जोड्यांना ठरवून दिलेला एकच पदन्यास ठराविक आकृतीत करून दाखवावा लागे. (२) विहित तालावरील स्वतंत्र रचना – यात ताल संघटनेने ठरविलेला, तर संगीत व रचना जोडीने निवडलेली असे. (३) मुक्त नृत्य – सु. चार मिनिटांच्या या भागात विषय, संगीत व रचना यांचे सर्वाधिक स्वातंत्र्य असे. त्या काळी संगीतात गायनाला परवानगी नव्हती. केवळ वाद्यसंगीत चाले. नऊ परीक्षक प्रत्येक जोडीस सहापैकी गुण देत. मुक्त नृत्यात तांत्रिक गुणवत्ता व कलात्मक प्रभाव यांसाठी वेगवेगळे गुण असत. या गुणांवरून प्रत्येक परीक्षकाचा क्रम ठरे व अशा क्रमांवरून त्या भागातील जोडीचे स्थान निश्चित होई. साहजिकच एखाद्या जोडीची शैली परीक्षकांच्या पूर्वग्रहात बसते की नाही, यावर बरेच काही अवलंबून राही.

भावंडांची जोडी : बर्फनृत्यात भावंडांनी जोडीदार होणे ही तशी नवलाची गोष्ट नाही. मोठ्या संख्येने मुली व त्या मानाने थोडे मुलगे या खेळाकडे वळत असल्याने योग्य जोडीदार मिळविणे ही मुलींच्या दृष्टीने पहिलीच अडचण ठरते. घरातच भाऊ असला, तर ती आपोआप दूर होते. सराव, प्रवास व शिक्षक यांचा खर्चही एकाच कुटुंबावर पडतो व त्याची आखणी सोपी होते. बालपणापासून एकत्र सराव केल्याने चालीतील, श्वासातील व तोलातील मेळ सहज साधतो. जोडी फुटण्याची भीती कमी असते आणि मतभेद झाले, तरी घरचे नाते टिकून राहते.

याउलट एक मोठी मर्यादा अशा जोडीस सतत जाणवते. नृत्यगृहांतील नृत्यांचा व म्हणून बर्फनृत्याचाही स्थायीभाव स्त्रीपुरुषांचे प्रेम हा मानला गेला आहे. टँगोतील आवेग किंवा वॉल्ट्झमधील अनुनय यांचा आविष्कार भावाबहिणींनी करणे प्रेक्षकांना व स्वतः नर्तकांनाही संकोचाचे वाटते. अशा जोडीने हळुवार प्रेमकथा टाळली, तर तिच्या नृत्यात भावनेची ऊब नाही असा आक्षेप येतो. ती रंगविली, तर औचित्यभंगाचा. द्यूशने भावंडांच्या काळातील त्यांचे दोन प्रमुख प्रतिस्पर्धी – सोव्हिएट संघाचे मरीना क्लिमोव्हा व सर्गेई पोनोमारेन्को आणि माया उसोव्हा व अलेक्सांद्र झूलिन – हे दोन्ही विवाहित जोडपी होते. त्यामुळे ही तुलना अधिकच ठळक होई.

यापूर्वी या प्रश्नाला चेकोस्लोव्हाकियाच्या एव्हा रोमानोव्हा व पाव्हेल रोमान या भावंडांनी आपल्या परीने उत्तर दिले होते. ब्रुसेल्सजवळ झालेल्या विमान-अपघातात अमेरिकेचा सबंध संघ मृत्युमुखी पडल्याने १९६१ ची जागतिक स्पर्धा रद्द झाली होती. पुढील वर्षी ती प्राग येथे भरली, तेव्हा सोळा वर्षांची एव्हा व एकोणीस वर्षांचा पाव्हेल यांनी आपल्या देशवासीयांसमोर अजिंक्यपद मिळविले व १९६५ पर्यंत सलग चार वर्षे ते आपल्याकडे राखले. त्यांच्या काळी बर्फनृत्याला ऑलिंपिकमध्ये स्थान नव्हते. पाव्हेलचा १९७२ मध्ये अमेरिकेत मोटार-अपघातात अंत झाला. त्यांच्यानंतर पंचवीसहून अधिक वर्षे भावंडांची कोणतीही जोडी या विजेतेपदापर्यंत पोहोचू शकली नाही.

फ्रान्सकडून पदार्पण : द्यूशने भावंडे आरंभी कॅनडाच्या वतीने खेळली. तथापि कॅनडात ट्रेसी विल्सन व रॉबर्ट मॅकॉल ही जोडी १९८२ पासून राष्ट्रीय अजिंक्यपदावर ठाण मांडून होती. १९८५ नंतर इझाबेल व पॉल यांनी आईच्या देशाचे, म्हणजे फ्रान्सचे प्रतिनिधित्व करण्याचा निर्णय घेतला. फ्रान्समध्ये त्यांना राष्ट्रीय विजेतेपद मिळाले व आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे दार खुले झाले.

त्यांचे प्रशिक्षण पश्चिम जर्मनीच्या दक्षिण सीमेवरील ओबर्स्टडॉर्फ या बव्हेरियातील गावी, मार्टिन स्कॉटनित्स्की या मूळच्या चेकोस्लोव्हाक मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली चाले. याच केंद्रात ब्रिटनच्या जेन टॉर्व्हिल व क्रिस्टोफर डीन यांनीही सराव केला होता. या जोडीने १९८४ च्या साराजेव्हो ऑलिंपिकमध्ये राव्हेलच्या ‘बोलेरो’ या संगीतरचनेवर केलेल्या मुक्त नृत्यास कलात्मक प्रभावासाठी नऊही परीक्षकांनी सहापैकी सहा गुण दिले होते. एकाच संगीतावर, एकाच कल्पनेचा आरंभापासून अंतापर्यंत विकास करणारे ते नृत्य होते. तोवर मुक्त नृत्य म्हणजे भिन्न लयींचे तीन-चार तुकडे जोडलेली मालिका अशीच रूढ समजूत होती. व्यावसायिक क्षेत्रात गेल्यावर डीनने द्यूशने भावंडांसाठी नृत्यरचना करण्याचे काम पतकरले. नियमांची नेमकी जाण आणि ते शक्य तितके ताणून पाहण्याची वृत्ती हे त्याचे गुण या कामी उपयोगी पडले. भावंडांच्या जोडीसाठी प्रेमकथा नको, तर अन्य कोणता आशय हवा, या प्रश्नाला त्याने नृत्यागणिक वेगळे उत्तर शोधले.

आदिम विधी ते राजकीय शोकांतिका : डीनने रचलेले पहिले गाजलेले मुक्त नृत्य १९८८ च्या कॅल्गारी (कॅनडा) ऑलिंपिकमध्ये सादर झाले. रानातील ढोलांच्या तालावर बसविलेल्या या नृत्यात आदिम विधींचा आभास होता. अनुनयाची जागा आव्हानाने, तर डौलाची जागा रांगड्या, तुटक हालचालींनी घेतली होती. वेशभूषाही नृत्यगृहातील झगमगाटापासून दूर, फाटक्या कातड्यांचा भास देणारी होती. प्रेक्षकांनी या नृत्यास उत्स्फूर्त दाद दिली. परीक्षकांच्या गुणांत मात्र मोठी तफावत पडली. काहींना ते नवनिर्माण वाटले, तर काहींना ते बर्फनृत्यच वाटले नाही. जोडीस आठवे स्थान मिळाले. ज्या देशाचा संघ सोडून ही भावंडे गेली, त्याच देशाच्या भूमीवर त्यांची जगाला खरी ओळख झाली, हा योगायोग लक्षणीय होय.

पुढील प्रगती झपाट्याने झाली. पॅरिस येथील १९८९ च्या जागतिक स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. १९९० मध्ये लेनिनग्राड येथील यूरोपीय स्पर्धेत कांस्यपदक व हॅलिफॅक्स (कॅनडा) येथील जागतिक स्पर्धेत रौप्यपदक अशी मजल त्यांनी मारली. त्या वर्षीच्या मुक्त नृत्याचे नाव ‘मिसिंग’ म्हणजे ‘बेपत्ता’ असे होते. चिलीमध्ये १९७३ च्या लष्करी उठावानंतर सत्तेवर आलेल्या राजवटीत हजारो नागरिक छळास बळी पडले; अनेकांचा तर पुढे कधीच शोध लागला नाही. अशा बेपत्ता माणसांची व त्यांच्या मागे राहिलेल्यांची वेदना हा या नृत्याचा विषय होता. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतप्रदेशाच्या लोकसंगीतावर ते बांधलेले होते. अशा विषयात दोन व्यक्तींचे नाते प्रियकर-प्रेयसीचे असण्याची गरज उरत नाही. एकाच घरातील, एकाच संकटात सापडलेली दोन माणसे एवढेच नाते पुरते. भावंडांच्या जोडीची जी उणीव मानली जाई, तीच येथे आशयाचे बळ ठरली. क्रीडास्पर्धेच्या चार मिनिटांत समकालीन राजकीय शोकांतिका मांडण्याचा हा प्रयत्न बर्फनृत्याच्या इतिहासात अपूर्व होता.

जागतिक अजिंक्यपद : १९९०-९१ च्या मोसमासाठी डीनने ‘रिफ्लेक्शन्स’ (प्रतिबिंबे) हे नृत्य रचले. दोन भावंडे म्हणजे आरशाच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या परस्परांच्या प्रतिमा, ही त्यातील मध्यवर्ती कल्पना. रक्ताच्या नात्यातील साम्य हाच येथे नृत्याचा विषय झाला होता. परंतु आरशातील प्रतिमेप्रमाणे हालचाल करावयाची, म्हणजे समोरासमोर पण वेगळे राहावयाचे. बर्फनृत्यात तर जोडीदारांनी परस्परांना धरून नाचणे अपेक्षित असते. सोफिया (बल्गेरिया) येथील यूरोपीय स्पर्धेत परीक्षकांनी या नृत्याचे थंडे स्वागत केले आणि जोडीस क्लिमोव्हा व पोनोमारेन्को यांच्या मागे रौप्यपदकावर समाधान मानावे लागले.

जागतिक स्पर्धा अवघ्या काही आठवड्यांवर आली असता हे नृत्य बाजूस ठेवण्याचा व आदल्या वर्षीच्या यशस्वी विषयाचा पुढील भाग – ‘मिसिंग २’ – सादर करण्याचा निर्णय घेण्यात आला. मोसमाच्या मध्यावर मुक्त नृत्य बदलणे जोखमीचे असते. चार मिनिटांतील प्रत्येक पाऊल महिनोन्‌महिन्यांच्या सरावाने अंगवळणी पडलेले असते. नवी रचना बर्फावर चुकली, तर ती सुधारण्यास वेळ उरत नाही. तथापि म्यूनिक येथे हा निर्णय फलद्रूप झाला. मार्च १९९१ मध्ये द्यूशने भावंडांनी क्लिमोव्हा व पोनोमारेन्को यांस दुसऱ्या, तर उसोव्हा व झूलिन यांस तिसऱ्या स्थानी सारून अजिंक्यपद मिळविले. १९८५ पासून सलग सहा वर्षे हे पद सोव्हिएट जोड्यांकडे होते. ही परंपरा खंडित झाली. त्याच वर्षी इझाबेलचा विवाह क्रिस्टोफर डीनशी झाला. १९९३ मध्ये त्यांनी घटस्फोट घेतला.

अल्बर्टव्हिल १९९२ : पुढील हिवाळी ऑलिंपिक सामने फ्रान्समध्येच व्हावयाचे असल्याने विद्यमान जगज्जेत्या द्यूशने भावंडांकडून देशवासीयांच्या मोठ्या अपेक्षा होत्या. त्यांच्या मुक्त नृत्यासाठी डीनने ‘वेस्ट साइड स्टोरी’ या अमेरिकन संगीतिकेचा आधार घेतला. शेक्सपिअरच्या रोमिओ अँड ज्यूलिएट या नाटकाचे कथानक न्यूयॉर्कमधील तरुणांच्या दोन टोळ्यांच्या वैरात गोवणाऱ्या या संगीतिकेस लेनर्ड बर्नस्टाइन याने संगीत दिले आहे. मूळ कथेत प्रेमिकांप्रमाणेच एक भाऊबहिणीची जोडीही महत्त्वाची आहे : टोळीचा म्होरक्या बेर्नार्दो व त्याची बहीण मारिया. भावंडांच्या जोडीस हे कथानक त्यामुळेच सोयीचे होते. मात्र आधीच्या नृत्यांतील धाडसाच्या मानाने ही निवड सौम्य होती. याउलट क्लिमोव्हा व पोनोमारेन्को यांनी बाखच्या संगीतावर गंभीर, भारदस्त रचना आणली होती. एके काळी रूढ चौकटीतील मानली जाणारी जोडी नव्या वाटेवर आली होती आणि बंडखोर म्हणून ओळखली जाणारी जोडी परिचित कथेकडे वळली होती.

निकालाचे गणित स्पर्धेच्या रचनेवर प्रकाश टाकणारे आहे. दोन अनिवार्य नृत्यांतील प्रत्येक स्थानास ०·२, विहित तालावरील रचनेस (त्या वर्षी पोल्का) ०·६ व मुक्त नृत्यास १·० याने गुणून बेरीज केली जाई व सर्वांत कमी बेरीज असणारी जोडी विजयी ठरे. द्यूशने भावंडांना दोन्ही अनिवार्य नृत्यांत तिसरे आणि उरलेल्या दोन भागांत दुसरे स्थान मिळाले. त्यांची बेरीज ४·४ झाली. त्या वेळी एकत्रित संघाच्या वतीने खेळणाऱ्या क्लिमोव्हा व पोनोमारेन्को यांनी चारही वेळा पहिले स्थान मिळवून २·० या बेरजेने सुवर्णपदक जिंकले. उसोव्हा व झूलिन ५·६ बेरजेने तिसरे आले. मुक्त नृत्यात नाव कमावलेली भावंडे अनिवार्य नृत्यांत, म्हणजे पदन्यासाच्या काटेकोर शिस्तीत, तुलनेने मागे राहत, हे या आकड्यांवरूनही दिसून येते. या स्पर्धेनंतर त्यांनी हौशी क्षेत्रातून निवृत्ती पतकरली व व्यावसायिक कार्यक्रमांत भाग घेण्यास प्रारंभ केला.

मूल्यमापन : द्यूशने भावंडांच्या नृत्यांविषयी समकालीनांत तीव्र मतभेद होते. बर्फनृत्य हा क्रीडाप्रकार आहे, रंगभूमी नव्हे. विषय व अभिनय यांच्या आड अवघड पदन्यासाचा अभाव झाकला जातो, असा एक पक्ष. केवळ अचूक पदन्यास म्हणजे नृत्य नव्हे. शरीराच्या हालचालींतून आशय व्यक्त झाला पाहिजे, असा दुसरा. दोन्ही बाजूंत तथ्य होते. १९९२ नंतरच्या काळात आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने मुक्त नृत्याच्या नियमांत नृत्यगृहातील ताल, लय व पकडी यांवर पुन्हा भर दिला. नाट्यमय रचनांना लगाम घालण्याचा त्यामागे हेतू होता व त्या रचनांत द्यूशने भावंडांच्या नृत्यांचा अग्रक्रमाने समावेश होतो. पुढे काळाचा ओघ पुन्हा बदलला. १९९७-९८ पासून गायनयुक्त संगीतास मुभा मिळाली. सहापैकी गुण देण्याची जुनी पद्धत २००४ नंतर जाऊन प्रत्येक घटकाचे स्वतंत्र मोजमाप करणारी पद्धत आली आणि २०१० पासून अनिवार्य नृत्ये वेगळा भाग म्हणून बंद झाली. आजच्या मुक्त नृत्यांत सामाजिक आशय किंवा एकसंध कथा आढळली, तर कोणास नवल वाटत नाही. ही मोकळीक ज्यांनी प्रथम हट्टाने घेतली, त्यांत या भावंडांची गणना करावी लागते.

भावंडांच्या जोड्यांची परंपरा त्यांच्यानंतरही चालू राहिली. स्कॉटलंडच्या शिनेड व जॉन कर या बहीणभावांनी ब्रिटनच्या वतीने २००९ व २०११ च्या यूरोपीय स्पर्धांत कांस्यपदके मिळविली. अमेरिकेच्या माया व अलेक्स शिबुतानी यांनी २०११ मध्ये मॉस्को येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक व २०१६ मध्ये बॉस्टन येथे रौप्यपदक पटकाविले. २०१८ च्या प्याँगचांग (दक्षिण कोरिया) ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवून ते असा मान लाभलेली भावंडांची दुसरीच जोडी ठरले. द्यूशने भावंडांच्या रौप्यपदकास तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती. शिबुतानी भावंडांनी आपल्या नृत्यांत प्रेमकथेऐवजी परस्परांविषयीचा विश्वास व दीर्घ सहप्रवास यांवर भर दिला. जोडीदारांचे नाते काहीही असले, तरी त्या नात्याशी प्रामाणिक असा आशय शोधला तर नृत्य उभे राहते, हा धडा इझाबेल व पॉल द्यूशने यांच्या कारकीर्दीने घालून दिला होता.